लूलूची वाढ

अबू नासर जेद्द्याला निघाला तेव्हा त्याने बायको, पाच मुलगे, म्हातारी आई, चौदा बॅगा आणि गॅसचे मुखवटे दोन गाड्यांत कोंबले, आणि अजगर मात्र उस्मानच्या हवाली केला.

"हिला जेद्द्याची दमट हवा मानवायची नाही," तो म्हणाला. खरं कारण असं, की बायकोने गाडीच्या दारात उभं राहून बजावलं होतं, एक तर ती बसेल नाहीतर मी बसेन.

जानेवारी एक्क्याण्णवची ही गोष्ट. रियाधवर कधी काय येऊन पडेल याचा नेम नव्हता. ज्यांना जाता येत होतं ते जेद्द्याकडे पळत होते, आणि ज्यांचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे कामावर आणणाऱ्या सौदी मालकाच्या, कपाटात होते ते रियाधच्या बत्हा बाजारातच काचांना चिकटपट्ट्या लावत बसले होते. उस्मान या दुसऱ्या जातीतला. अबू नासर हा त्याचा कफील. त्याच्या सहीशिवाय उस्मानला सौदीतून पाय बाहेर काढता येत नव्हता. उस्मान काम करायचा त्या बत्ह्यातल्या फोटो स्टुडिओचा मालकही तोच. एक निळा पडदा, एक फिरतं स्टूल, आणि दिवसभर इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, फोटोसाठी रांगेत उभी राहिलेली उतरलेली तोंडं, एवढाच तो धंदा.

अजगराचं नाव लूलू. आदल्या मार्चमध्ये आली तेव्हा हातभर होती. अबू नासरला पाच मुलगेच. त्याने ही पोरच मानली. महिन्यातून एकदा तिला निळ्या पडद्यापुढे स्टुलावर ठेवायचं, शेजारी अरबी कॉफीची लांब चोचीची पितळी किटली ठेवायची आणि फोटो काढायचा. किटली नेहमी तीच, म्हणजे पोर किती वाढली ते कळतं. फोटो उस्मानने काढायचा, अल्बममध्ये अबू नासरने चिकटवायचा.

त्याच मार्चमध्ये हर्णैजवळच्या गावात उस्मानला मुलगी झाली, आलिमा. तिला त्याने अजून पाहिलेलीच नव्हती. तिचे फोटो बायको, सफूरा, पाकिटातून पाठवायची. ऑगस्टमध्ये सुट्टी ठरली, बॅग भरली, आणि नेमका त्याच आठवड्यात सद्दामला कुवेत हवासा वाटला. सुट्टी रद्द. बॅग भरलेलीच राहिली.

"दर शुक्रवारी हिचा फोटो जेद्द्याच्या बसने पाठवायचा," अबू नासर गाडीत बसता बसता म्हणाला. "हिने नीट खाल्लं, नीट वाढली, तर लढाई संपल्यावर तुझी सुट्टी सही करतो. खलास."

"आणि नाही वाढली तर?"

"का नाही वाढणार?" अबू नासर दुखावला. "उपाशी ठेवणार आहेस का?"

उस्मानने त्याच दिवशी घरी पत्र लिहिलं. 'सफूरा, लढाई संपली की येतो. आलिमाला सांग, अब्बा येईपर्यंत पहिलं पाऊल टाकायचं नाही. सगळं माझ्या माघारी झालं. हसली माझ्या माघारी, दात आला माझ्या माघारी. पहिलं पाऊल तेवढं माझ्यासमोर पडू दे.' लिहिताना त्याचं त्यालाच हसू आलं, मग रडू आलं, आणि मग बाहेर सायरन झाला म्हणून दोन्ही राहून गेलं.

आता लूलूचं. अबू नासरची गाडी वळली आणि लूलूने अन्न सोडलं.

उस्मानने कोंबडीची चार पिल्लं आणली. ती तिच्यापुढे ठेवली. लूलूने त्यांच्याकडे पाहिलं आणि डार्करूमच्या कोपऱ्यात हीटरला वेटोळं घालून झोपली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

कमलाकर रोज दुपारी ड्यूटीवरून स्टुडिओत चहाला यायचा. हा साताऱ्याकडचा, सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा. मुखवट्याची पेटी गळ्यात, आणि नजर सतत लूलूच्या दारावर.

"अरे, थंडी आहे. थंडीत नाही खात साप," तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

"मी शेतकऱ्याचा आहे. ऊन तापलं की खाईल."

"ऊन तापेपर्यंत माझी पोर शाळेत जाईल!"

पहिला फोटो खराखुरा गेला. तिसऱ्या दिवशी जेद्द्याहून फोन आला. अबू नासर अर्धं अरबी आणि वीस वर्षं बत्ह्यात राहून शिकलेलं अर्धं हिंदी बोलायचा. आपण ते मराठीत ऐकू.

"उस्मान! ही तसूभर वाढलेली नाही!"

"आठवडाच झाला, बाबा नासर."

"माझा आठवडा इकडे वर्षासारखा जातोय. आणि डोळे बघ तिचे, रुसलेत. असंच चाललं तर सुट्टीबिट्टी काही नाही."

उस्मानने फोन ठेवला. समोरच्या दुकानात त्याचं लक्ष गेलं. म्हातारा यमनी दुकानदार किटल्यांवरची धूळ झटकत होता. अगदी तश्शाच किटल्या, त्याच घाटाच्या, त्याच चोचीच्या, मोठीपासून चिमुकलीपर्यंत उतरत्या रांगेत मांडलेल्या. उस्मान बराच वेळ बघत राहिला.

"साप वाढत नसेल," तो कमलाकरला म्हणाला, "तर किटली लहान होऊ शकते."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या कफीलच्या किटलीपेक्षा एक नंबर धाकटी आणायची. तिच्याशेजारी लूलू मोठी दिसणार की नाही?"

"आणि स्टूल?"

"त्याच्यावर काळं कापड."

कमलाकर चहा प्यायचा थांबला. "उस्मान, तू साधा माणूस होतास रे."

त्या शुक्रवारचा फोटो पाहून अबू नासर फोनवर ओरडलाच, "माशाल्ला! बघ, माया लावली की कशी वाढते!" उस्मानचा जीव भांड्यात पडला. पुढच्या शुक्रवारी अजून एक नंबर धाकटी किटली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी अजून एक. दर शुक्रवारी लूलू वीतभर वाढत होती, आणि डार्करूममध्ये मात्र जशी होती तशी हीटरला कवटाळून पडली होती.

वाढली ती कोंबडीची पिल्लं. त्यांना कोणी खाईना, मग ती काय करणार? त्यांना पंख फुटले, तुरे आले. एका बांगलादेशी सुताराच्या इकाम्याच्या फोटोत खांद्यामागे कोंबडी आली आणि जवाजात, म्हणजे पासपोर्ट कार्यालयातून तो फोटो परत आला. सुतार भला माणूस. म्हणाला, "भाई, कोंबडी छान आली आहे, माझाच चेहरा पडलाय."

घरून पत्र आलं. 'आलिमा मजेत आहे. अजून पाय टाकत नाही. तुम्ही जिवाला जपा.' सोबत फोटो, सफूराच्या मांडीवर आलिमा. उस्मानने तो फोटो कॅमेऱ्याच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला लावला. दर शुक्रवारी पेटी उघडली की आधी आलिमा दिसायची, मग लूलूचं काम सुरू व्हायचं.

"थांब गं बाय," तो फोटोला सांगायचा. "थोडंच राहिलंय."

फेब्रुवारी संपताना लढाई संपली. बत्ह्यात लोकांनी काचांवरच्या पट्ट्या खरवडून काढल्या, कमलाकरने मुखवट्याची पेटी कपाटावर टाकली, आणि उस्मानने भरलेल्या बॅगेतले कपडे काढून, झटकून, पुन्हा भरले. त्याच दिवशी फोन वाजला.

"उस्मान, शेवटचा फोटो नासरच्या आईने बघितला." बायकोचं नाव तो कधी घेत नसे.

"आवडला?"

"आता रियाधला यायलाच तयार नाही. म्हणते, हा प्राणी घरात आला तर धाकट्याला गिळेल. आता लूलू स्टुडिओतच राहणार."

"राहू दे ना, बाबा नासर. आणि माझी सुट्टी..."

"हो, तेच सांगत होतो. एवढं मोठं जनावर! तिला तुझ्याशिवाय कोणाची सवय आहे? तू गेलास तर तिला हात कोण लावणार? यंदा सुट्टी नाही. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला."

उस्मान स्टुलावर बसला. स्टूल आपोआप अर्धं फिरलं, त्यालाही तोंड लपवावंसं वाटलं असावं.

"लहान होती म्हणून सुट्टी नाही," तो कमलाकरला म्हणाला, "आणि आता मोठी झाली म्हणून सुट्टी नाही. या बाईने करावं तरी काय?"

"बाईने काहीच केलेलं नाही," कमलाकर म्हणाला. "सगळं तूच केलंस."

"मग मीच निस्तरतो."

यमनी म्हाताऱ्याने आतापर्यंत उस्मानला एकाहून एक धाकट्या किटल्या विकल्या होत्या. आता हा येऊन सगळ्यात थोरली मागायला लागला तेव्हा त्याला राहवलं नाही. "अरे, घरी माणसं किती आहेत तुझ्या? नक्की सांग, म्हणजे एकदाच काय ते देतो!"

"एवढी थोरली नको," कमलाकर परोपरीने सांगत होता. "हळूहळू आटव रे तिला. एका आठवड्यात कोण एवढं आटतं?"

पण उस्मानला आता धीर कुठला? आलिमा वर्षाची झाली होती. त्याने थोरली किटली ठेवली आणि फोटो बसने रवाना केला.

यावेळी फोनवर आरडाओरडा नव्हता. अबू नासरचा आवाज खोल गेला होता. "निम्मी झाली, उस्मान. माझी पोर निम्मी झाली. तिला काहीतरी भयंकर झालंय. मी निघतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात थांबली. अबू नासर धुळीने माखलेला. सोबत गुरांचा डॉक्टर, त्याला त्याने जेद्द्याहून तसाच उचलून आणला होता. उस्मानला काही आवरायचं सुचलंच नव्हतं. फळीवर सात किटल्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून एक कोंबडी फिरत होती.

अबू नासरने किटल्या पाहिल्या. खिशातून सगळे फोटो काढले. एकेक फोटो एकेका किटलीसमोर धरला. मग डार्करूममध्ये गेला.

डॉक्टरने लूलूला उलटसुलट करून पाहिलं. "ठणठणीत आहे. थंडीत खात नाहीत हे. आता ऊन तापलं की खाईल. एवढ्यासाठी मला साडेनऊशे किलोमीटर आणलंस?"

कमलाकरने छताकडे पाहिलं. हे सांगायला त्याने किलोमीटरभरही प्रवास केला नव्हता.

"बाबा नासर," उस्मान म्हणाला. "मी खोटं केलं. ती वाढलीच नाही. तुम्ही सही करणार नाही अशी भीती वाटली. मला माझ्या पोरीचं पहिलं पाऊल बघायचं होतं. तिचं दुसरं काहीच मी बघितलेलं नाही."

अबू नासर खाली बसला होता. लूलू हीटर सोडून सावकाश त्याच्या मांडीवर चढली, आणि तो पाच मुलग्यांचा बाप हमसून हमसून रडायला लागला.

"तेवढीच आहे," तो म्हणाला. "सोडून गेलो तेव्हा होती तेवढीच आहे. माझ्यासाठी थांबली!"

मग डोळे पुसून उस्मानवर खेकसला, "गाढवा! तिकडे दर शुक्रवारी फोटो बघून माझ्या काळजाचं पाणी होत होतं. तोंडाने माशाल्ला म्हणायचो आणि मनात यायचं, ही माझ्या माघारी मोठी होऊन चालली. लांबच्या माणसाला मोठं करून दाखवतात होय? लहान ठेवायची! एवढी अक्कल नाही? आण तो कागद."

अशी सही झाली.

ईदच्या दोन दिवस आधी, दुपारी, उस्मान घराच्या अंगणात उतरला. सगळं घर बाहेर येऊन उभं होतं. आई, भावजया, शेजारपाजारचे. आणि ओटीवर, चटईवर, नवा झगा घालून आलिमा बसली होती, दोन्ही बाजूंनी दोन चुलत्या तिला धरून.

"अजून पाय टाकत नाही ती," सफूरा घाईघाईने म्हणाली.

उस्मान चटईच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर बसला. त्याने हात पुढे केले. सफूराने आलिमाला उभं केलं आणि हळूच हात काढून घेतले. आलिमा डुलली. तिने या अनोळखी माणसाकडे पाहिलं, विचार केला, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"टाकलंन! पाऊल टाकलंन!" सगळं घर एका सुरात ओरडलं, जरा जास्तच एका सुरात. उस्मानच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेरा महिने त्याने याच एका पावलासाठी काढले होते.

तेवढ्यात अंगणातून मांजर गेलं. आलिमाने उस्मानला वळसा घातला, तुरुतुरु धावत ओटीच्या कडेला गेली, सराईतपणे उलटी वळली, दोन्ही पायऱ्या पोटावर घसरत उतरली आणि आरोळ्या ठोकत मांजरामागे निघाली.

आईने पदर सारखा केला. भावजयांना एकदम चुलीवरचं आठवलं. सफूरा मान खाली घालून चटईची काडी सोलत बसली. तिचे कान लाल झाले होते.

उस्मान तिच्याकडे बघत राहिला. एवढी सगळी माणसं, कुणाकुणाला काय काय पढवलं असेल हिने, आणि पत्रात काय काय लिहिताना हात थांबला असेल! त्याला इतकं भरून आलं की हसावं की काय करावं कळेना.

"मला वाटलंच होतं," तो शेवटी म्हणाला, "ही थांबणार माझ्यासाठी."

सफूराने मान वर केली. "तुमचीच वाट बघत होती," ती म्हणाली.

"दिसतंय ना," उस्मान म्हणाला, आणि चप्पल न घालताच आलिमामागे धावला, कारण ती एव्हाना अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे, बरीच पुढे गेली होती.