तान्हूबाबांची हाळी कोठारी कैसी पोचली

श्री. जो हाक ऐकतो आणि उशिरा का होईना ओ देतो, त्यास नमन करोन वर्तमान लिहितों. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी जुने आवाज जतन करणारे एक लहानसे राज्य होते, आणि तेथील संगणकांच्या कारभारीण कुमुदिनीबाई टिळेकर. राज्याचे आवाज दूरगावी सर्व्हर नामे कोठारी राहात, आणि मधली वाट तुटली तर यंत्राने काय करावे, हे बाईंनी ठरवावयाचे. जोडणीच्या ओळीत सॉफ्ट ऐसे लिहिले तर यंत्र तीन हाका देऊन काम सोडी. हार्ड लिहिले तर ओ येईपावेतो हाका देत राही, आणि तोवर संगणकाचा पडदा गोठे. गोठला पडदा पाहोन राज्याचे वरिष्ठ जे सरसुभेदार, त्यांचे पित्त खवळे, म्हणोन बाईंनी आपले सॉफ्ट लिहिले. मग तान्हूबाबा नावाडी, वय नव्वद, पैलतीरास घालावयाची लांब सुरांची हाळी जाणणारे शेवटचे, येऊन ती गाऊन गेले. आणि नेमकी तेव्हाच वाट तुटली, यंत्राने काम सोडिले, बाईंनी इशारा न वाचताच मिटविला, दुसरी प्रतही राखिली नाही, आणि कोठारी अर्धीच हाळी पोचली. बाईंस अन्न गोड लागेना. बाबांस दम पुरत नाही हे ठाऊक असोनही पुन्हा बोलावू धाडिले, आणि बाबा काठी टेकीत आले, आणि बाईंनी डोळे पुशीत चूक सांगितली.

"रडतीस कशापायी, लेकी? शेवटची नाव बांधायच्या आधी पल्याड हाळी घालायची. पल्याडचा नावाडीभाऊ तिकडनं ओ देईस्तवर जाग्यावरनं हलायचं न्हाई. आमची रीत हाय ती."

बाईंनी तत्क्षणी हार्ड लिहिले. मग बाबांनी खोकत, थांबत अवघी हाळी घातली, आणि ती कोठारी जात असता वाट पुन्हा तुटली आणि पडदा गोठला. सरसुभेदार धावत आले. "अहो टिळेकरबाई, बंद करून चालू करा की!"

"नाही साहेब," बाई बटणावर हात आडवा धरोन बोलिल्या, "बाबांना पुन्हा म्हणवणार नाही. आपण थांबायचं."

साहेब स्वतः चहा आणावयास गेले. प्रहरभराने वाट जुळली, पडदा हलला, हाळी सगळी पोचली. बाईंनी ती लाविली. बाबांनी डोळे मिटोन ऐकिली. मग म्हणाले, "ह्यो माझा न्हवं. माझ्या बापाचा आवाज हाय. साठ वरसं झाली ऐकून."

येणेंप्रमाणे जोडणी हार्ड ठरली. पडदा अधूनमधून गोठतो, माणसे कुरकुरतात आणि थांबतात. बाबा माघात वारले. हाळी शाबूत असे. इतकेच वर्तमान.