भुजंगराव महाराज यांचें धुलाईयंत्र आणि हौसाबाईंचें लग्न

श्रीगणरायास नमन, शारदेस नमन, आणि धुतल्या वस्त्रावांचून जे देव पूजा घेत नाहींत त्या सर्वांस नमन. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. महागाचें धुलाईयंत्र घ्यावें कीं स्वस्ताचें, ऐसा प्रश्न बहुतांनीं केला. त्यांचे सेवेशीं एके राज्यांत घडली हकीकत लिहितों. राज्याचें नांव पुसों नये. त्या घराण्याचे वंशज अद्याप आहेत आणि अद्याप खरेदी करितात.

तें राज्य लहान, परंतु राजे भुजंगराव महाराज यांची ऐट मोठी. शेजारच्या राज्यांत जें नाहीं तें आपणांकडे असावें, मग तें कामास येवो अथवा न येवो, इतकीच त्यांची राजनीति. राणीसाहेब कैलासवासी जाहल्या होत्या आणि एकुलती कन्या हौसाबाई, त्यांस महाराजांच्या मयत धाकट्या भावाच्या पत्नी बनूबाई काकीसाहेब यांनीं वाढविलें. काकीसाहेबांकडे आठवड्याच्या बाजारांतून आणिलेलें दोन हौदांचें धुलाईयंत्र होतें, अगदीं स्वस्तांतलें. एका हौदांत कपडे धुवावे आणि मग उचलोन दुसऱ्यांत पिळावे, आणि पिळतांना तें यंत्र ऐसें थरथरे कीं काकीसाहेब झांकण दाबोन उभ्या राहत आणि हौसाबाई हंसत. अवघ्या राजवाड्याचीं वस्त्रें त्यांतच निघत आणि स्वच्छ निघत. परंतु महाराजांस त्या आवाजाची लाज वाटे. पाहुणे बसले असतां आंतून खडखडाट आला म्हणजे महाराज सांगत, “आमच्या घोड्यांचा सराव चालला आहे.”

ऐसियांत एक सौदागर आला आणि त्यानें दरबारांत गोल कांचेच्या दाराचें, रुपेरी रंगाचें, बोलतें धुलाईयंत्र मांडिलें. महाराजांनीं पुसिलें, “बनूबाईंचें यंत्र कपडे धुतें. तुमचें काय करितें?” सौदागर अदबीनें बोलिला, “सरकार, आमचें यंत्र कपड्यांचा विचार करितें.” हें ऐकोन दरबार थक्क जाहला, कारण त्या दरबारांत विचार करणारें तोंवर कोणी नव्हतें. महाराजांनीं किंमत पुसिली आणि ती ऐकोन खजिनदार उभे होते ते खालीं बसले. मग महाराजांनीं उत्तरेची आमराई विकावयाचा हुकूम फर्माविला. ती आमराई राणीसाहेबांनीं स्वहस्तें लाविली होती. हौसाबाई पुढें येऊन म्हणाल्या, “आबासाहेब, आमराई आईसाहेबांची आहे.” महाराज म्हणाले, “बाई, आंबा वर्षांतून एकदां येतो. कपडे रोज मळतात.” हौसाबाईंस यास उत्तर होतें, परंतु दरबार वाहवा करूं लागला आणि त्या गलबल्यांत तें राहोन गेलें.

यंत्रास न्हाणीघर शोभेना म्हणोन तें सिंहासनाचे शेजारीं बसविलें. मग रोज सरदार मंडळी त्याचे समोर बैसों लागली आणि कांचेंतून महाराजांचें धोतर गरगर फिरे तें पाहोन “काय वळण, काय फेंस!” ऐसें म्हणों लागली. फौजेची पाहणी राहिली, न्यायाचीं कामें राहिलीं, आणि धुलाई संपोन यंत्रानें गाण्याची धून वाजविली म्हणजे सर्वांनीं उठोन मुजरा करावा ऐसा रिवाज पडला. आतां खोटें कां लिहावें? रेशमी शेला त्यांतून मऊ निघे, पाणी थोडें लागे, आणि दाबोन उभें राहावें लागत नसे. इतका गुण त्याचा होता. परंतु धोतर तें धोतरच निघे. हौसाबाईंस शंका आली म्हणोन त्यांनीं एक धोतर काकीसाहेबांच्या यंत्रांतलें आणि एक महाराजांच्या यंत्रांतलें, ऐशीं दोन, घड्या घालोन, दरबारांत ठेविलीं आणि म्हणाल्या, “आबासाहेब, आपल्या यंत्राचें कोणतें, ओळखावें.” महाराजांनीं हात फिरविला, वास घेतला आणि डावीकडील उचलोन म्हणाले, “हें. यास विचाराचा स्पर्श आहे.” सर्व सरदारांसही त्यांत तोच स्पर्श लागला. हौसाबाई म्हणाल्या, “तें काकीसाहेबांकडील.” महाराज घडी खालीं ठेवोन बोलिले, “तर मग आमच्या यंत्राचा धाक पाहोन तेंही सुधारलें.” आणि दरबारानें पुन्हां वाहवा केली. काकीसाहेबांस हें कळलें तेव्हां त्या म्हणाल्या, “हौसे, कपडे धुवायला यंत्र असतं आणि मिरवायला हत्ती. यांनी हत्तीला कपडे धुवायला बसवलं. आता कोणाला सांगायचं?”

त्यानंतर नदीपलीकडील राज्याचे वकील नागोपंत हे हौसाबाईंच्या सोयरिकीकरितां येतो ऐसें कळवोन निघाले, आणि नवरदेव विश्रामसिंह स्वतः संगें आले. हौसाबाईंनीं त्यांस एकदां जत्रेंत पाहिलें होतें. आरसेवाल्याचे दुकानापुढें सारी दुपार मिशी चढवीत उभे होते, इतकेंच त्यांचें चरित्र त्यांस ठाऊक. तरी पित्याची इच्छा म्हणोन त्या नाहीं म्हणाल्या नाहींत. भेटीचे दिवशीं सकाळीं महाराजांनीं आपला अवघा दरबारी पोशाख, अंगरखा, सुरवार, शेला, सर्व यंत्रांत घातला आणि आपण पंचा नेसोन समोर बैसले. कपडे भिजले, फेंस आला, आणि वीज गेली. यंत्र मुकें जाहलें आणि दार बंद तें बंद. महाराजांनीं आज्ञा केली, मग विनंती केली, मग दोन लाथा मारिल्या. सौदागराकडे स्वार धाडिला, तो निरोप घेऊन आला कीं, आपली तक्रार आम्हांस बहुत मोलाची आहे, उद्यां दहा ते पांच या वेळांत मनुष्य येईल, तोंवर यंत्रास कोणीं हात लावूं नये. इतक्यांत वेशीवर नौबत झडली. तेव्हां काकीसाहेबांनीं आपल्या यजमानांचा धुवोन ठेविलेला जुना अंगरखा पुढें केला. तो महाराजांस गुडघ्यांवर राहिला आणि त्या वेषांत ते सिंहासनीं बैसले.

वकील आंत आले आणि यंत्र पाहतांच जागचे जागीं खिळले. नवरदेव तर सरळ गोल कांचेजवळ गेले आणि तींत आपली मिशी पाहूं लागले. कन्येचें वय, गुण, पत्रिका, कांहींच कोणीं पुसिलें नाहीं. आंतला पोशाख पाहोन नागोपंतांनीं पुसिलें, “हे कपडे आंतच कां?” महाराज म्हणाले, “मुरत आहेत.” नागोपंतांनीं मान डोलाविली आणि म्हणाले, “सोयरीक आम्हांस कबूल. आंदण म्हणोन कांहीं मागत नाहीं. केवळ हें यंत्र द्यावें.” महाराजांच्या तोंडचें पाणी पळालें. “आंत विचारोन येतों,” म्हणोन ते पडद्याआड आले. तेथें हौसाबाई उभ्या आहेत हें त्यांनीं पाहिलें नाहीं, आणि ते काकीसाहेबांस म्हणाले, “बनूबाई, काय करूं? कन्या देववेल. यंत्र देववत नाहीं.” आणि त्यांचे डोळे भरोन आले.

हौसाबाई पडदा सारोन थेट दरबारांत गेल्या आणि म्हणाल्या, “नागोपंत, दोन्हीं मिळणार नाहींत. यंत्र पाहिजे कीं नवरी, एक सांगावें.” नागोपंत नवरदेवांचे कानाशीं लागले. नवरदेवांनीं एक वेळ हौसाबाईंकडे पाहिलें, दोन वेळां कांचेकडे पाहिलें. मग वकील खाकरोन बोलिले, “नवरी तूर्त राहों द्यावी. पुढील मुहूर्तास पाहूं.” हौसाबाई म्हणाल्या, “तर यंत्र न्यावें. आमच्या महाराजांनीं मागणारास आजवर नाहीं म्हटलें नाहीं.” हें ऐकतांच सरदार मंडळींनीं संवयीप्रमाणें वाहवा केली, आणि त्या वाहवेवर नाहीं म्हणावयाची महाराजांची छाती जाहली नाहीं. “बाई, माझा पोशाख आंत आहे!” इतकेंच ते हळूच बोलिले. हौसाबाई म्हणाल्या, “मुरूं द्यावा, आबासाहेब.” मग नवरीकरितां आणिलेल्या पालखींत यंत्र बसविलें, त्यावर शालू पांघरिला, आणि वाजंत्री लावोन सीमेपर्यंत पोंचविलें. पलीकडे आरती जाहली, नांव बदलिलें, आणि नवरी आली नाहीं हें तिकडील सासूबाईंचे ध्यानांत संक्रांतीस वाण देतेसमयीं आलें.

इकडे तिसरे प्रहरीं परसांत हौसाबाई आणि काकीसाहेब धुणें वाळत घालीत होत्या. वीज अद्याप आली नव्हती, म्हणोन त्या दिवशीं हातानेंच धुतलें. काकीसाहेब म्हणाल्या, “हौसे, वाईट वाटलं का गं?” हौसाबाई म्हणाल्या, “त्यांनी यंत्र निवडलं, त्याचं नाही वाटलं. ते निवडणारच. पण आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं ना काकी, मला क्षणभर वाटलं, माझ्यासाठी आलं.” ओल्या लुगड्याचें एक टोंक काकीसाहेबांनीं हौसाबाईंचे हातीं दिलें, दुसरें आपण धरिलें, आणि दोघींनीं उलट दिशांस पीळ घातला तों शेवटला थेंब गळेपर्यंत. दुसरे दिवशीं सौदागराचा मनुष्य दहा ते पांच या वेळांत, सहा वाजतां आला. महाराजांनीं त्यास बैसवोन घेतलें आणि याहोन मोठें कोणतें आहे तें पुसिलें.

सारांश, महागाचें यंत्र वाईट नव्हे आणि स्वस्ताचें कांहीं दैवी नव्हे. दोहोंतून धोतर धोतरच निघतें. मळ ज्याचा त्यानें ओळखावा. कपड्यांवरील असेल तर जें परवडेल तें यंत्र पुरे. महाराजांचा कपड्यांवरील नव्हता, आणि त्यास किती थोर यंत्र लागेल हें सौदागरासही सांगतां येईना, म्हणोन तो विकीत राहिला. हकीकत समाप्त. वाचणारांचें कल्याण असो, आणि आमराया असतील त्यांनीं राखाव्या.