बापूंची नादारी

बापू चहाला आले की आधी झाडू मागतात. माझी खोली झाडतात आणि धूळ पुडीत बांधून घेतात. "वकीलसाहेब, धुळीला नावं ठिवू नगा. सोनं तिच्यातच ऱ्हातंय."

वकिलाच्या खोलीत सोनं कुठलं? पण बापू विट्याचे, गलाईवाले. परमुलखात त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. ते बुडालं, कर्ज तेवढं उरलं आणि बापू सांगलीत माझ्या शेजारी राहायला आले. आता पहाटे सराफांची गल्ली झाडतात आणि सोन्याच्या कणांसाठी ती माती कृष्णेच्या घाटावर धुतात. धुक्यात घमेलं हलवणारे बापू बघितले की मला कोर्टाची घाई आठवतच नाही.

एकदा त्यांनी नादारीचं, म्हणजे कोर्टातून दिवाळखोर ठरवून घेण्याचं विचारलं. म्हटलं, देणी फेडण्यापलीकडं गेली की अर्ज करता येतो. पण कोर्ट फी, पेपरातली नोटीस, वकील, हा खर्च आहेच.

"कंगाल हाय हे सांगायलाबी पैसं?" बापू पोट धरून हसले. "गरिबाला परवडायचं न्हाई गड्या हे!"

माझी फी सोडतो म्हटलं, तर रागावले.

पुढं मातीतून तुरीच्या दाण्याएवढं सोनं जमलं. ते मुठीत घेऊन बापू काळजीनं आले. "आता सोनं आलं. मी अर्जाला पात्र ऱ्हातो न्हवं?"

"राहता. फक्त ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची नावं सांगा."

"आक्काचं न्हाई सांगायचो."

दुकान बुडताना थोरल्या बहिणीनं कानातली फुलं काढून दिली होती. "तिनं कवा मागितली न्हाईत. कान बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या घालती. तिला कोर्टाच्या रांगेत हुभी करू व्हय?"

"नाव लपवता येत नाही, बापू."

ते झाडू न मागताच गेले. मला फार वाईट वाटलं.

आठवड्यानं आले ते हसतच. त्या सोन्याची फुलं करून विट्याला आक्काच्या कानात घालून आले होते.

मी कपाळाला हात लावला. "अर्जाचा खर्च गेला की! आणि हेही कोर्टाला सांगावं लागेल."

"सांगू की. आक्काचे कान बघून घ्या म्हनावं." बापूंनी खिशातून कडुनिंबाच्या दोन काड्या काढून टेबलावर ठेवल्या. काड्यांकडं बघता बघता बापूंचे डोळे भरले. "आता मी पुरता पात्र झालो बगा."

मग त्यांनी झाडू मागितला.