लाल नेलपॉलिश आणि वाघोबा रेसिंग टीम

आमच्या सापगावात दर महिन्याला नेलपॉलिशची बाटली विकत घेणारा एकच पुरुष आहे, आणि त्याचे हात कोपरापर्यंत ऑइलने काळे असतात. माझं मेडिकलचं दुकान त्याच्या गॅरेजच्या बरोबर समोर, त्यामुळे ही विक्री माझ्याच हातून होते. "एक लाल द्या," म्हणतो, बाटली उजेडात धरतो, झाकण उघडून वास घेतो. एकदा लाल संपली होती म्हणून मी गुलाबी पुढे केली.

"डॉक्टर, ही लग्नाला चालंल. आपली प्रोफेशनल टीम हाय."

हे बारकूकाका. नाव बारकू असलं तरी देह असा, की माझ्या दुकानाच्या दारातून आत येताना त्यांना जरा आडवं व्हावं लागतं. मीही डॉक्टर नाही, गोळ्या विकतो. पण माझ्याकडे आयोडिन आणि पट्ट्या असतात, तेवढ्यावर काकांनी मला वाघोबा रेसिंग टीमचा डॉक्टर नेमून टाकलं. नेमणुकीआधी विचारण्याची पद्धत प्रोफेशनल टीममध्ये नसते, असं मला नंतर सांगण्यात आलं.

टीममध्ये आम्ही तिघं. गाडी चालवणारा रुपेश, गाडी बनवणारे काका आणि मी. बारकूकाकी धरली तर चार, पण तिने स्वतःला कधी धरलं नाही. उलट नेलपॉलिश प्रकरणात तिला फार सोसावं लागलं. नवरा बाटल्या नेतो आणि बायकोची नखं कोरी, म्हटल्यावर गावाला चर्चेला विषय मिळाला. एका हळदीकुंकवाला कुणीतरी खोचक विचारलंच. काकी उठली, सगळ्या बायांना गॅरेजमध्ये घेऊन गेली आणि रेसच्या मोटरसायकलवरचं फडकं ओढून म्हणाली, "ही बगा माझी सवत."

गाडीच्या प्रत्येक नटावर लाल ठिपका होता. काकांची ही पद्धतच आहे. नट आवळला की नट आणि बोल्ट दोन्हींवर मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका. नट जरा जरी ढिला झाला, तरी ठिपका फुटतो आणि लांबूनही कळतं. काका त्याला टिकली म्हणतात. टिकली लावल्याशिवाय त्यांच्या हातून गाडी सुटत नाही. एकदा घाईघाईत त्यांनी माझ्या स्कूटरलाही लावून टाकल्या, आणि महिनाभर मी पोस्टापासून बाजारपेठेपर्यंत नटूनथटून फिरलो.

टीमचा इतिहास काका गिऱ्हाइकाला तोंडी ऐकवतात. अडचण एवढीच, की पंक्चर लवकर निघतं आणि इतिहास लांब आहे. त्यामुळे अर्ध्या शहापूर तालुक्याला टीमचा इतिहास अर्धाच ठाऊक आहे. इंजिनाचं काम निघालं तरच माणसाला तो शेवटपर्यंत ऐकायला मिळतो.

सुरुवात होते रुपेशपासून. रुपेश टोकावड्याचा, बापाचा माळशेजच्या रस्त्यावर ढाबा. एका पावसाळ्यात गावाकडे रस्त्यावर झाड पडलं, तर हा पठ्ठ्या गाडी घेऊन भातखाचरांच्या बांधावरून निघाला आणि ब्रेकची तक्रार घेऊन थेट काकांच्या दारात आला. इथे काका हातातला पाना खाली ठेवतात. "बांधावरून बैल धड चालत नाय, डॉक्टर. यानं मोटरसायकल आनली! मी बोललो, तू चालव रे, मी नट आवलतो." झाली टीमची स्थापना. गावदेव वाघोबाला नारळ फोडला, त्याचंच नाव टीमला दिलं.

"मग पैली रेस मुरबाडला झाली. ती जाऊं दे." पहिल्या रेसचा इतिहास एवढाच. मी कितीदा तरी ऐकला, पण "जाऊं दे"च्या पुढे तो कधी गेला नाही.

त्यापुढचा भाग मात्र रंगतो. मातीच्या ट्रॅकवरच्या रेसा असायच्या. उंचवटे, खड्डे, पाणी मारून केलेला चिखल. रुपेश पडायचा, उठायचा, पुन्हा निघायचा. हळूहळू कप यायला लागले. गॅरेजमधल्या फळीवर ते आजही ओळीने उभे आहेत. राज्याच्या स्पर्धेच्या कपात वॉशर असतात, कर्जतच्या कपात स्प्लिट पिना. त्याहून लहान कपांत काकी रोपं लावते.

आणि आता टीमच्या मॅनेजरची खरी खोड सांगतो. बारकूकाकांनी एकही रेस पाहिलेली नाही. झेंडा पडायच्या आधी ते ट्रॅककडे पाठ करून उभे राहतात आणि संपेपर्यंत वळत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, "गाडी बगून कलत नाय, आयकून कलते." लोक माना डोलावतात. केवढा जाणकार माणूस!

या जाणकारीने एकदा घात केला. रुपेश सगळ्यांच्या पुढे होता. काकांनी पाठीमागून येणारे आवाज मोजून पाठमोऱ्यानेच रुपेशसाठी शेवटच्या फेरीची पाटी उंच धरली, पण मधे कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू झाला होता आणि तोही त्यांनी एक फेरी म्हणून मोजला होता. रुपेशने एक फेरी आधीच हात वर केले, गाडी थांबवली आणि येऊन काकांना मिठी मारली. मिठी चालू असताना बाकीचे सगळे शेजारून भर्रकन निघून गेले. काका म्हणाले, "इतके जोरात का पलतात रे? संपली ना रेस?"

त्यानंतर पाटी माझ्या हातात आली. टीमच्या डॉक्टरकडे आता टीमचे डोळेही. काका पाठ करून उभे आणि मी त्यांच्या कानाशी ओरडतोय, "काका, तिसरा! काका, दुसऱ्याला गाठलं!"

"ते ऱ्हाऊं दे. उभा हाय ना?"

"उभा आहे."

"मग बोला पुढं."

नंबर कुठलाही असो, काकांचा प्रश्न तोच. मला वाटायचं, हाही प्रोफेशनल प्रकार असेल.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या टीमने रुपेशला बोलावलं. त्यांच्याकडे स्वतंत्र ट्रक, नव्या गाड्या, चार मेकॅनिक, व्यायाम करून घ्यायला वेगळा माणूस. रुपेश काकांसमोर येऊन नुसता उभा राहिला. काकांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली, थापेचे काळे ठसे शर्टावर उमटले. "जा रे. बैल मोठा झाला की मोठ्या शेताला जोडायचा. ही आपल्या टीमची सगल्यात मोठी कामगिरी हाय." साऱ्या रस्त्याला पेढे वाटले. मलाही दिला, वर एक माझ्या मधुमेहाच्या गिऱ्हाइकाला.

पण त्यानंतर महिना झाला तरी काका नेलपॉलिश घ्यायला आले नाहीत. मी सहज गॅरेजात डोकावलो. काका रुपेशच्या जुन्या गाडीपाशी पाटावर बसून नट सोडत होते, पुसत होते आणि पुन्हा आवळत होते. टिकली मात्र लावत नव्हते.

काकी मला बाहेर घेऊन आली. "रोज हेच चालू हाय. कोन बसनार हाय त्या गाडीवं?"

मग तिने मुरबाडच्या पहिल्या रेसची गोष्ट सांगितली. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात रेस होती. हॅंडलचा नट ढिला राहिला होता आणि तो काकांनीच आवळला होता. पहिल्याच उंचवट्यावर हॅंडल फिरलं, रुपेश गाडीखाली गेला. खांद्यावर निभावलं. पण तो उठेपर्यंत काका बघत होते.

"आवाज-बिवाज काय नाय, भाऊ. तवापासून त्यांना बगवतच नाय. नेलपॉलिश बी तवाच आली."

इतकी वर्षं मी ज्याला मॅनेजरची ऐट समजत होतो, ती भीती होती. आणि भीती तरी कशाची म्हणावी, माया होती ती.

पुढच्या रविवारी नाशिकजवळ रुपेशची नव्या टीमकडून पहिली रेस होती. मी काकांना जवळजवळ ओढूनच टेम्पोत बसवलं. कसारा घाटात ते म्हणाले, "आज मी मस्त बगनार. नट आपन आवललाच नाय, आपल्याला काय टेन्शन?"

रुपेश आम्हाला शोधत कुंपणापाशी आला, नवी गाडी ढकलत. काकांनी वाकून गाडीभोवती एक चक्कर मारली. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती, यंत्राने ओढल्यासारखी. "बेस. प्रोफेशनल काम हाय," काका म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"काका, एक टिकली लावा ना."

"नाय रे. दुसऱ्याच्या गाडीला हात लावाचा नसतो."

रुपेश जरा थांबला. मग त्याने उजवा हातमोजा काढला आणि अंगठा काकांपुढे धरला. "मंग गाडीला नका लावू."

काका त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. बाटली त्यांच्या खिशातच होती, ही गोष्ट मला तेव्हा कळली. एवढा दांडगा माणूस, पण पहिला ठिपका नखाबाहेर गेला. काकांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नीट लावला. सुकेपर्यंत अंगठ्यावर फुंकर मारत राहिले.

झेंडा पडायची वेळ झाली तशी काकांनी पाठ फिरवली.

"काका, आज तर बघणार होतात ना?"

"गाडी त्यांची हाय," काका म्हणाले. "पोरगा कुठं त्यांचा हाय? तुमी बोला."

मी बोलत राहिलो. रुपेश पाचवा होता, मग चौथा झाला. एका वळणावर गाडी सटकली, मी क्षणभर गप्प झालो आणि काकांनी माझं मनगट असं दाबलं की घड्याळाचा पट्टा तुटला. "सावरला, काका!" शेवटी तो तिसरा आला. लोक ओरडत होते.

"उभा हाय ना?"

"उभा आहे, काका. हातमोजा काढलाय. अंगठा वर करून तुम्हाला दाखवतोय."

"टिकली हाय?"

"इतक्या लांबून मला नाही दिसत, काका. तुम्हीच बघा."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, त्यामुळे ते होतं त्याहून काळं झालं. मग ते हळूच वळले आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून बराच वेळ ट्रॅककडे बघत राहिले.

"हाय," ते म्हणाले. "फुटली नाय."