पिवळ्या बिल्ल्याच्या म्हशी

"आलेखात दोन रेषा आहेत, असं खाली लिहिलंय," पाळंदे सर कागद खिडकीकडे धरून म्हणाले. "मला एकच दिसते. चष्मा बदलावा म्हणता?"

तनुजानं मान खाली घातली. रेषा दोनच होत्या, पण एकमेकींच्या अंगावर बसल्या होत्या. उन्हाच्या तडाख्यानं म्हशीच्या अंडपेशी खराब होतात आणि शेवग्याच्या पाल्यातली अँटिऑक्सिडंट्स त्यांना वाचवतात, एवढं सिद्ध केलं की तिची पीएचडी होणार होती. त्यासाठी तिनं कात्रजच्या पुढे, दोन सोसायट्यांच्या मधे तग धरून राहिलेल्या गोदाबाईंच्या गोठ्यातल्या सहा म्हशी निवडल्या होत्या. लाल बिल्ल्याच्या तिघींना रोज पाल्याची पूड, पिवळ्या बिल्ल्याच्या तिघींना काही नाही. दर पंधरवड्याला जनावरांचे डॉक्टर जीपनं जाऊन अंडपेशी काढून आणत आणि तनुजा त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासत बसे. आता भर एप्रिलात सहाही म्हशींच्या अंडपेशी ठणठणीत निघत होत्या.

"म्हणजे एक तर पूड कुचकामी, नाहीतर ऊन," सर म्हणाले. "ऊन मी काल स्वतः तपासलंय."

हा उन्हाळा वाया गेला तर पीएचडी वर्षभर लांबणार होती. तनुजाला सरांपेक्षा आईची धास्ती जास्त होती. आईनं 'डॉ.' लिहिलेली पाटी आधीच करून आणली होती. शनिवार पेठेतल्या घरात ती पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला उलगडून दाखवली जाई.

दुसऱ्या दिवशी तनुजा न कळवता सकाळीच गोठ्यावर पोचली. गोदाबाई वैरणीवर पूड टाकत होत्या. तिन्ही लाल बिल्ले झाले, आणि चमचा तसाच पुढे पिवळ्याकडे गेला. पूड नेहमी वेळेआधी संपायची आणि तनुजा वहीत 'म्हशी आवडीने खातात' असं लिहून आणखी आणून द्यायची, ते तिला आत्ता आठवलं.

"मावशी, पिवळ्या बिल्ल्यांना द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतंस की." गोदाबाईंचा हात थांबला नाही. "पर एका दावणीला बांधायचं, आन् एकीला वाढून दुसरीला बघत बसवायचं? असा दुजाभाव आमच्यात न्हाय करत. मी सहाजणींत सारखी वाटती."

तनुजा एका उपड्या घमेल्यावर बसली आणि चक्क रडायला लागली. गोदाबाई कासावीस झाल्या. तुला हवंय तरी काय, असं त्यांनी विचारल्यावर तिनं नाक पुसत सांगितलं, की हेच ऊन, हेच पाणी, हीच वैरण, पण पूड अजिबात नाही, अशा तीन म्हशी हव्यात.

गोदाबाईंनी तोंड वाकडं केलं. "हायेत की. भिंतीपल्याड."

पल्याड त्यांची धाकटी जाऊ चंपा राहायची. दोघींची विहीर एक, वैरणीची गाडी एक, डोक्यावरचे पत्रेसुद्धा एकाच दुकानातले. मधल्या भिंतीवर गोवऱ्या कुणी थापायच्या यावरून दोन वर्षं बोलणं मात्र बंद होतं.

"आणि त्यांना पूड दिली नाहीये? नक्की?"

"पूड? डब्याचा वास बी लागू दिला न्हाय."

एवढी खात्री तनुजाला प्रयोगशाळेतल्या कुलपांनीही कधी दिली नव्हती. डॉक्टरांची जीप जावेच्याच दारात थांबते, हे चंपाबाईंना कधीपासून खुपत होतं, त्यामुळे त्यांनी लगेच होकार दिला. दोनच तपासण्यांत चंपाबाईंच्या म्हशींची रेषा जी खाली घसरली ती घसरलीच. 'पूड न मिळण्याचे कारण' या रकान्यात तनुजानं 'कौटुंबिक' असं लिहिलं होतं.

"याहून पक्की भिंत पुण्यात मिळायची नाही," सर म्हणाले. "शिवाय तिघींऐवजी सहाजणींवर पूड सिद्ध झाली, हे श्रेय तुमच्या मावशींचं." आणि त्यांनी बदललेल्या आराखड्यावर सही केली.

शेवटची एक तपासणी उरली. आदल्या संध्याकाळी तनुजा जीपची वेळ सांगायला गेली, तेव्हा गोदाबाईंनी पल्याडच्या म्हशी कशा आहेत म्हणून सहज विचारलं. उन्हानं त्यांचे पार हाल झालेत, असं तनुजा आनंदानं सांगून बसली.  गोदाबाई आत गेल्या आणि डबा घेऊन थेट भिंतीकडे निघाल्या.

"मुकी जनावरं ती. त्यांचं माझं कुठं भांडान हाय?"

तनुजा आडवी आली. "मावशी, पाया पडते. उद्या अकरापर्यंत तेवढं भांडण ठेवा."

गोदाबाईंनी बराच विचार केला. मग डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड करून गोवऱ्यांचा विषय पहिल्यापासून काढला. पलीकडे चंपाबाईंनी सगळं ऐकलेलंच होतं. त्यांनीही तोडीस तोड उत्तर दिलं. तनुजाचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी अकराला जीप गेली. अकरा वाजून पाच मिनिटांनी डबा भिंतीवरून पलीकडे गेला आणि पलीकडून चहाची किटली आली. गोदाबाईंनी तीन कप भरले, डोळ्यांसमोर धरून तिन्ही सारखे आहेत ना ते पाहिलं, आणि मगच एक तनुजाच्या हातात दिला.