ट्रे रिकामा कसा द्यायचा

सोमवारी सकाळी आर्डिस टॉलेफसनबाईंचा लॅपटॉप काळा पडला. बाईंनी बटण दाबलं, झाकण मिटून पुन्हा उघडलं, वायर काढून परत खोचली आणि शेवटी त्याच्या पाठीवर हलकेच दोन चापट्याही मारल्या. काही उपयोग झाला नाही. समोर कॉफी पीत बसलेल्या मायलोने, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, चष्मा कपाळावर चढवून निदान केलं, "गेला."

"गेला काय म्हणतोस? पुस्तक आहे त्यात."

"मग पुस्तकही गेलं."

पुस्तक म्हणजे चर्चच्या शताब्दीचं पाककृतींचं पुस्तक. गावातल्या तेवीस बायकांच्या आणि चार स्वर्गवासी बायकांच्या मिळून दोनशे बारा कृती बाईंनी पाच महिने खपून टाइप केल्या होत्या. गुरुवारी दुपारी बाराच्या आत ते सगळं छापखान्यात पोचायला हवं होतं. बारानंतर छापखानेवाला एका बियाणे कंपनीच्या कामाला जुंपून घेणार होता, आणि मग पुस्तक निघणार थेट सप्टेंबरात. शताब्दी जुलैत. म्हणजे वरातीमागून घोडं.

"दुसरी प्रत असेल ना कुठे? मार्लिसकडे?" मायलोने विचारलं.

बाईंनी पुन्हा एकदा बटण दाबलं. महिला मंडळाच्या अध्यक्षा मार्लिस हाउगे यांनी प्रत तीनदा मागितली होती, आणि बाईंनी ती तिन्ही वेळा गोड हसून दिली नव्हती. त्याला कारण होतं. आर्डिसबाई परसातल्या रुबार्बच्या आंबट लाल देठांच्या ज्या वड्या करतात, तशा साऱ्या तालुक्यात कुणाला जमत नाहीत. मार्लिसबाई तीस वर्षं त्या कृतीच्या मागे आहेत. शताब्दीच्या पुस्तकात प्रत्येकीने आपली सगळ्यात नावाजलेली कृती द्यायचीच, असा ठराव त्यांनीच मांडून मंजूर करून घेतला होता. तेव्हा बाईंनी कृती दिली, पण देताना थोडी काटछाट केली. मार्लिसबाईंनी छापण्याआधीच ती करून पाहिली असती तर बिंग फुटलं असतं. छापून झाल्यावर मात्र "तुझा ओव्हन तापट दिसतो गं" असं म्हणायला बाई मोकळ्या होत्या.

तर, जगातली एकुलती एक प्रत त्या काळ्या पडलेल्या डब्यात होती. दुरुस्तीचं ठिकाण चाळीस मैलांवर, हायवेलगतचं ते फुटबॉलच्या मैदानाएवढं विजेच्या सामानाचं दुकान. बाईंनी आधी ओव्हन पेटवला.

"आत्ता वड्या?" मायलो म्हणाला.

"एखाद्याकडे काम घेऊन रिकाम्या हाताने जायचं का?"

आमच्या मिनेसोटात याला उत्तर नाही. मायलो गाडी काढायला गेला.

दुकानात शिरल्यावर आधी भिंतभर टीव्ही, मग फ्रिजांची फौज, आणि अगदी टोकाला दुरुस्तीचा काउंटर. तिथे टोकन घेऊन पाऊण तास बसावं लागलं. काउंटरमागे वर्लिन स्कोग्स्टाड नावाचा पन्नाशीचा, दाढीवाला, धिप्पाड गृहस्थ होता. पूर्वी हा माणूस गावोगावच्या गोठ्यांत दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. गोठे बंद पडत गेले तसा तो इकडे आला. लॅपटॉपही तो गाईच्या आचळाला हात लावावा इतक्या बेताने धरायचा.

"बोला, काय होतंय याला?"

"तसं विशेष काही नाही," बाई म्हणाल्या. "चालू होत नाही, एवढंच."

"अच्छा. घाई आहे का?"

आता इथे बाईंनी सरळ सांगायला हवं होतं की गुरुवारी बाराच्या आत हवा. पण आमच्याकडे माणूस घर पेटलं तरी अग्निशमन दलाला आधी 'जेवणं झाली का' विचारील. बाईंच्या तोंडून जे लहानपणापासून निघत आलं तेच निघालं.

"छे छे, घाई कसली. तुमच्या सवडीने होऊ द्या." आणि ट्रे पुढे सरकवला. "हे थोडं तुमच्यासाठी."

"नको, नको. कशाला उगाच."

"घ्या हो."

"नाही, खरंच नको."

"एवढं काय, घरच्याच आहेत."

"बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर," वर्लिन म्हणाला आणि ट्रे घेतला. तिसऱ्यांदा म्हटल्यावर घ्यायचं असतं, आणि त्याच्यावर संस्कार चांगले होते. ट्रेच्या बुडाला चिकटपट्टी होती, तिच्यावर पेनाने लिहिलेलं होतं, 'आ. टॉलेफसन'.

गाडीत मायलोने विचारलं, "गुरुवार सांगितलास?"

"शब्दाने नाही सांगितलं. पण माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल त्याला."

मायलोने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षांत त्यालाही तिथे कधी काही दिसलं नव्हतं.

मंगळवारी बाईंनी दुकानाला फोन लावला. टीव्हीसाठी एक दाबा, फ्रिजसाठी दोन दाबा, असं करत करत बाई दोनदा कपडे धुण्याच्या यंत्रांच्या विभागात जाऊन आल्या आणि तिथल्या मुलीशी हवापाण्याच्या गप्पाही झाल्या. शेवटी वर्लिन सापडला.

"सहज फोन केला हो," बाई म्हणाल्या.

"हो, हो. चाललंय. म्हणजे बरंचसं झालंय, पण एक गोष्ट अडलीये."

"मोठी आहे का?"

"मोठी नाही, पण तिच्याशिवाय परत देता येणार नाही."

फोन ठेवला तोच मार्लिसबाईंचा आला. "मी काही म्हणत नाही गं," त्या म्हणाल्या, "फक्त आज मंगळवार आहे एवढंच."

"माहीत आहे."

"आणि मी प्रत मागितली होती, तेही मी काढत नाही."

बुधवारी बाई पुन्हा चाळीस मैल गेल्या, सोबत वड्यांचा दुसरा ट्रे. वर्लिनच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या आणि दाढीत काहीतरी पांढरं अडकलेलं होतं. आपल्या लॅपटॉपने या माणसाला जखमी केलं असं वाटून बाईंचा जीव अर्धा झाला. मग गुरुवारचं कुठलं विचारायचं आणि कुठलं काय.

"फार त्रास देतोय का तो?"

"नाही, नाही. भाजलं थोडं."

"हे घ्या," बाईंनी ट्रे पुढे केला.

वर्लिनने ट्रेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "आणखी एक?" तो म्हणाला. या खेपेला त्याने दोनदा नव्हे, चारदा नको म्हटलं, आणि ते मनापासून वाटलं. पण बाई ऐकतात होय? ट्रे ठेवून, "सवडीने होऊ द्या" असं पुन्हा सांगून त्या परत आल्या आणि संपूर्ण वाटभर स्वतःला दोष देत राहिल्या.

"उद्या मी सांगतो त्याला," मायलो म्हणाला.

"नको. त्याला वाईट वाटेल."

"आणि पुस्तक?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभर वर्षांत एकदा येणारी गोष्ट आपल्या एका लबाडीपायी बुडणार, हे त्यांना आता स्पष्ट दिसत होतं. प्रत दिली असती तर हा प्रसंगच आला नसता.

गुरुवारी सकाळी मार्लिसबाई बोलावणं नसताना गाडीत मागे येऊन बसल्या. "मी बोलणार नाही मध्ये," असं सांगून त्या चाळीस मैल बोलल्या. अकराच्या सुमाराला तिघं काउंटरपाशी पोचली. मागे एक माणूस भलाथोरला टीव्ही मिठीत धरून रांगेत उभा होता.

वर्लिनने मार्लिसबाईंचा नूर पाहिला आणि मान खाली घातली. "टॉलेफसनबाई, तुमच्यापासून काय लपवायचं. लॅपटॉप सोमवारी दुपारी तीनलाच झाला होता. आत एक पट्टी सैल झाली होती, बसवली."

"सोमवारी?" मार्लिसबाई म्हणाल्या. "मग कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर ह्या लगेच आल्या असत्या. आणि ट्रे रिकामा होता."

मार्लिसबाईंनी पुढचा प्रश्न गिळला. ट्रे रिकामा कसा द्यायचा? कुणाचं भांडं रिकामं परत करणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. मायलोनेही मान डोलावली. टीव्हीवाला माणूससुद्धा "ते मात्र खरं" असं पुटपुटला.

"आणि बाई घाई नाही म्हणाल्या होत्या," वर्लिन म्हणाला. "म्हटलं, काहीतरी चांगलं करून घालू. लॅपटॉप चालू केला तर हे पुस्तकच समोर उघडं. माफ करा, पण मी वाचलं. पान एकसष्टवर तुमच्या वड्या. म्हटलं, ह्याच करू."

बाईंची मान हळूहळू लाल व्हायला लागली.

"सोमवारी केल्या, विटा झाल्या. मंगळवारी केल्या, पुन्हा विटा, वर बोटं भाजली. माझा धंदा दुरुस्तीचा आहे हो. तेच काम दोनदा त्याच तऱ्हेने बिघडलं तर दोष हाताचा नसतो, कागदाचा असतो. मग काल तुम्ही आणलेली ताजी वडी आईकडे नेली. आई नव्वदीची, पण नाक शाबूत. ती म्हणाली, ह्यात वेलदोडा आहे, आणि आंबवलेली साय आहे. कागदावर दोन्ही नव्हतं." त्याने काउंटरखालून दोन ट्रे काढले. दोन्ही भरलेले. "ह्या काल रात्रीच्या. आणि पुस्तकातही मी त्या दोन ओळी घालून ठेवल्या."

मार्लिसबाईंनी वडी उचलली, चावली, डोळे मिटले. तीस वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. मग डोळे उघडून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आर्डिस, पुस्तकात तू जी कृती दिली होतीस—"

पुढचं वाक्य पूर्ण झालं असतं तर बाईंना रविवारी चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसायचं हा प्रश्न पडला असता. वर्लिनने बाईंच्या मानेकडे पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं.

"यंत्राचा दोष," तो घाईघाईने म्हणाला. "बंद पडताना कधीकधी ओळी खातं ते. दोन खाल्ल्या."

"नेमक्या हिच्याच?"

बाईंना श्वास घ्यायला तेवढी फट पुरली. "बरोबर विचारलंस मार्लिस," त्या म्हणाल्या. "माझ्याच कशा खाईल? सगळ्यांच्या खाल्ल्या असणार. तुझ्यापासून बघू या. बटाट्याच्या पोळ्या, पान चौऱ्याऐंशी. काही गेलंय का बघ."

मार्लिसबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि एक खुर्ची मागितली. "आता तू म्हणतेस म्हणून," त्या म्हणाल्या, "पिठीसाखर दिसत नाहीये. एक चमचा घालते मी."

"होतीच ना?"

"होती की. खाल्ली असेल यंत्रानं."

अकरा वीस झाले होते. मंडळाची फोनची साखळी असते, पहिलीने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला, कुणी आजारी असलं किंवा गेलं की अशीच बातमी फिरते. बाईंनी तीच साखळी सोडली. यंत्राने पुस्तकातल्या ओळी खाल्ल्या आहेत, कुणाला आपल्या कृतीतलं काही राहिलंसं वाटत असेल तर अर्ध्या तासात दुकानात फोन करा.

मग जे सुरू झालं ते दुकानाने कधी पाहिलं नव्हतं. वर्लिन पट्टी बांधलेल्या बोटांनी टाइप करत होता, मायलो निरोप ओरडून सांगत होता, टीव्हीवाल्याने टीव्ही खाली ठेवून एक वडी घेतली आणि पानांचे आकडे शोधून द्यायला लागला. कपडे धुण्याच्या विभागातली मुलगी चुकून तिकडे लागलेले फोन चिठ्ठ्यांवर लिहून पळत आणून देत होती. कुणाचं जायफळ खाल्लं गेलं होतं, कुणाची मोहरी, एकीचे तर सबंध दोन कप मलई. तेवीसपैकी एकोणीस जणींना राहिलेल्या ओळी आठवल्या. उरलेल्या चौघी एकतर प्रामाणिक होत्या किंवा घरी नव्हत्या. आणि ज्या चौघी स्वर्गवासी, त्यांना विचारायची सोय नव्हती. त्यांतल्या हिल्माबाईंचा बदामाचा केक अजूनही गावात कुणाला हिल्माबाईंसारखा जमत नाही, आणि आता कधी जमणारही नाही. ते आठवलं की वाईट वाटतं.

अकरा सत्तावन्नला वर्लिनने लॅपटॉप बाईंकडे वळवला. छापखान्याकडे पाठवायचं बटण बाईंनी स्वतः दाबलं. मार्लिसबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला, तोही अगदी मनापासून. वर्लिनने मजुरी घेतली नाही, बाईंनी तीनदा म्हणूनही नाही.

मार्लिसबाई टीव्हीवाल्याशी बोलत मागे राहिल्या होत्या. मायलो आणि बाई गाडीत येऊन बसले. मायलोने वर्लिनच्या ट्रेमधली एक वडी उचलली, सावकाश चावली.

"वेगळी आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे खाण्याला यापेक्षा वाईट शब्द नाही. पण बाईंना चार दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं.

"वेगळी असणारच," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या आईने दोनच ओळी शोधल्या. मी तीन काढल्या होत्या."

मायलोने वडी संपवली, बोटं पुसली आणि गाडीची किल्ली फिरवली. दुकानाच्या दारातून मार्लिसबाई येताना दिसत होत्या. चालीत कसलीशी उमेद होती, आणि त्यासुद्धा स्वतःशीच हसत होत्या.

"आणि तिने?" मायलो म्हणाला. "सांगितली एकच. काढल्या किती असतील?"

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती.