काळा डबा आणि मांडीवरचा तोतया

श्रोतेजन हो, अंमळ पुढे सरकून बसा. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत यावे, सतरंजी मोठी आहे. कानांत खुपसलेली बोंडे काढून ठेवावी, मोबाइल उताणा असेल तो पालथा करावा, आणि चित्त इकडे द्यावे. श्रीगजाननाचे स्मरण करून, रत्नागिरी शहरी मिऱ्या डोंगराखाली वैशाखमासी जे दारुण युद्ध जाहले, ज्यात एक क्यासेट जायबंदी व एक नारळ खर्ची पडला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी सांगतो. पदरचे मीठ आमटीपुरतेच घातले आहे.

प्रथम पूर्वरंग. संतसज्जन सांगतात की देह निराळा आणि आत्मा निराळा. देह झिजतो, गंजतो, त्यास मुंग्या लागतात. आत्म्यास यातले काही नाही. हे ऐकून आपण माना डोलावतो, बुक्का लावून घेतो, खिरापत खातो, आणि घरी जाऊन गेलेल्या माणसाचा चष्मा मात्र टाकवत नाही. पुसून पुन्हा कपाटात ठेवतो. ऐसियास या हकीकतीत कोणाचा देह व कोणाचा आत्मा, ते पुढे कळेल.

तर काशीराम म्हणून मातबर गृहस्थ. उमेदीत जहाजावर बिनतारी संदेशांचे कामावर होते. त्यांनी तरुणपणी परमुलुखीच्या एका बंदरातून घरगुती संगणक आणिला. काळा डबा, शाळेच्या पाटीएवढा, कळा रबराच्या. पडदा स्वतःचा नाही, तो टीव्हीचा उसना घ्यावयाचा. स्मरणशक्ती ऐसी की वीज गेली की सर्व विसरून कोरा होणार, आणि मग शिकविलेले पुन्हा शिकवावयाचे ते गाण्याच्या क्यासेटीवरून, टेपरेकॉर्डरातून, कर्कश किंचाळ्या ऐकवून. काशीराम डबा घरी ठेवून फिरून जहाजावर गेले, आणि डब्याचा कारभार त्यांच्या थोरल्या भगिनी हौसाआक्का यांजकडे आला.

हौसाआक्का शाळेत गणित शिकवीत. कीर्तनाचा छंद ऐसा की कोणत्याही देवळात बुवा उभे राहिले की आक्का टेपरेकॉर्डर काखेस मारून पहिल्या रांगेत हजर. डब्यासोबत आलेली इंग्रजी पोथी वाचून त्यांनी एक खेळ स्वतः रचिला. हापूसचे कलम, त्यावर आंबे, चहूकडून वानरांच्या टोळ्या, आणि आपण गलोल घेऊन खाली. सर्व टोळ्या पिटाळल्या की शेवटी पडद्यावर आक्कांचे दोन शब्द उमटत. ते पाहण्याचा मान आजवर एकट्या सावित्रीबाईंस, म्हणजे काशीरामांच्या कुटुंबास. काशीराम स्वतः दुसऱ्या टोळीपलीकडे कधी गेले नाहीत. काय उमटते म्हणून पुसावे, तर बाई म्हणत, "जिंका, म्हणजे दिसेल."

आक्का देवाघरी जाऊन दोन वर्षे होत आली. वैशाखात तिथी. "आक्काच्या तिथीस आक्काची वानरे नाचली पाहिजेत, आणि तिच्याच डब्यावर," ऐसा हुकूम काशीरामांनी भर पंगतीत सोडला. सावित्रीबाई ताक वाढता वाढता थबकल्या आणि म्हणाल्या, "तो शेवट पुन्हा एकदा बघायला मिळाला तर दुसरं काही नको हो मला." बस्स. मोहीम ठरली. परंतु खेळाची क्यासेट जगात एकच, आणि कोकणची दमट हवा. टेपेवर पांढरी बुरशी चढलेली. क्यासेट गेली की वानरे गेली, आणि आक्कांचे शब्दही गेले.

त्या समयी काशीरामांची पुतणी वेदिका आंबे खावयास मुंबईहून येऊन राहिली होती. ती संगणकाच्याच चाकरीस. तिने आपला लॅपटॉप मांडीवर घेतला, काहीबाही दाबले, आणि पाहता पाहता त्याच्या पडद्यावर जुना काळा डबा जिवंत केला; तेच निळे-पिवळे पट्टे, तीच अक्षरे. म्हणाली, "काका, याला एम्युलेटर म्हणतात. यंत्र नवं, पण वागतं हुबेहूब जुन्यासारखं. आत्याचा खेळ यात घातला की झालं. टीव्ही नको, वायरी नकोत."

काशीरामांस बहुत इतराजी आली. "तोतया!" म्हणाले. "मुद्रा तीच, पोशाख तोच, म्हणून काय खरा मानायचा? याच्या कळा वाजत नाहीत, याला ताप चढत नाही, याची वाट बघावी लागत नाही. वाट न बघता देव भेटला तर माणूस नमस्कारसुद्धा करायचा नाही, गो."

"लॅपटॉपलाही ताप चढतो, काका. मांडी भाजते माझी."

"तो तुझ्या नाटकंबिटकं बघण्याचा. जा, इस्क्रू फिरवायचं पेचकस आण."

मग खासा स्वारीने काळा डबा माळ्यावरून खाली उतरविला, आणि कळा खाऱ्या हवेने चिकटलेल्या, टेपरेकॉर्डर कुरकुरणारा, हे पाहून कोकणात जे औषध बिजागरीस, केसांस, गुडघ्यास आणि दृष्ट लागलेल्या लेकरास चालते, तेच त्यांनी योजिले. खोबरेल. कळांस खोबरेल, टेपरेकॉर्डराच्या चाकास खोबरेल, रबरी पट्ट्यास तर दोन बोटे जास्त. आणि हात पुसून विजयी मुद्रेने दुपारी झोपले. उठून पाहतात तो गनीम घरात. तांबड्या मुंग्यांची फौज खिडकीतून उतरून, भिंत वेढून, डब्यात शिरलेली. आणि टेपरेकॉर्डर लाविला तर तेलाने पट्टा घसरतो, टेप रांगते, आणि आक्कांनी भरलेल्या कीर्तनातील बुवा कुंभकर्ण झोपेत बरळावा तैसे बोलतात.

सावित्रीबाई दारातून म्हणाल्या, "अहो, आता थोडं मीठ आणि हळद लावा, म्हणजे लोणचं तरी होईल."

वेदिकेने स्पिरिट व कापूस घेऊन दोन दिवस मुंग्या, तेल, बुरशी ऐसे तिन्ही शत्रू निवारिले. काशीराम शेजारी बसून सूचना देत होते; त्यातील एकही तिने अंमलात आणिली नाही, म्हणून काम तडीस गेले.

पुढील मसलत टीव्हीची. काळ्या डब्यास पाठ फुगलेला जुना टीव्हीच मानवतो, आणि तो आता सर्वांनी भंगारात दिलेला. इतक्यात वार्ता लागली की राजापुरास धाकू, काशीरामांचा जहाजावरील जुना सोबती, त्याच्या पडवीत एक शिल्लक असून त्यावर कोंबडी अंड्यांस बसते. लगोलग फोन गेला. धाकूने कोंबडीची अन्यत्र सोय लाविली, टीव्ही गोणत्यात घातला, आणि एसटीने कूच केले. वाटेत कंडक्टराने गोणते पाहून पुसले, "काका, ह्यो फणस काय?" धाकू म्हणाला, "फणसच. पण आतले गरे दूरदर्शनचे." रत्नागिरीस पोचताच त्याने टीव्हीसमवेत स्वतःसही चार दिवस पाहुणचारास रुजू केले.

मग तिथीचा दिवस उगवला. नैवेद्य दाखवून, कावळा पानास शिवून गेल्यावर, सर्व मंडळी माजघरात टीव्हीसमोर बसली. काशीरामांनी नारळ ठेविला, आणि आमच्याकडील दस्तुराप्रमाणे धाकूने हात जोडून गाऱ्हाणे घातले, आणि मंडळींनी साथ धरिली.

"बा पुळ्याच्या राजा, ही तुझी लेकरं जुना डबा घेऊन बसली हायत, तेंची लाज राख."

"होय महाराजा!"

"डब्यात खोबरेल गेलंय, ता पोटात घाल."

"होय महाराजा!"

"विजेचा खांब उभा ठेव, आणि सखूच्या मिक्सराला वाईच झोप दे."

"होय महाराजा!" हे सर्वांत मोठ्याने.

सखू म्हणजे शेजारीण. तिचा मिक्सर फिरला की टीव्हीवर पाऊस पडे आणि डबा शिकता शिकता चुके. सबब तिला आगाऊ ताकीद गेली होती की खेळ चढेपर्यंत वाटण करू नये. उत्तर कुंपणावरून आले की, "तुमचं माकड येईस्तोवर आमच्या आमटीनं काय शिमग्याची वाट बघायची? अर्धा तास देते. पुढे माझा घरधनी जेवायला येतो, तो वानराहून वाईट."

टेप लाविली. आधी कीर्तन, कारण आक्कांची रीत ऐसी की टेप इंचभरही वाया घालवू नये. कीर्तन संपून जी उरे, तिजवर खेळ भरावयाचा. परंतु आवाज सर्व घोंगडीतून आल्यासारखा. त्यापुढील किंचाळ्याही बोथट. डब्यास अक्षर कळेना. वेदिकेने काशीरामांची नजर चुकवून लॅपटॉपच्या तोतयास ऐकविले, तर त्यासही कळेना. एकदा फसले, दुसऱ्यांदा फसले, आणि प्रत्येक खेपेस टेपेवरून तपकिरी भुकटी झडे. काशीरामांचे तोंड उतरले.

वेदिका म्हणाली की टेप वाचणारे डोके किंचित तिरके बसले असावे; त्याच्या बाजूस इस्क्रू असतो, तो केसभर फिरवून पाहू; परंतु किती, ते आवाजावरून ओळखले पाहिजे. मग कीर्तनाचा शेवट पुन्हा लाविला. ती इस्क्रू फिरवी, आणि काशीराम व सावित्रीबाई कान लावून बसले. आधी गुरगुर. मग टाळांची किणकिण सुटी जाहली. मग आरती संपली, लोक उठल्याचा गलबला, आणि त्यातून, अगदी कानाशी बोलल्यासारखे:

"वहिनी, टेप उरलेय हो बरीच. वाया कशाला घालवा? वानरं हिच्यावरच घालूया."

धाकूने डोकीची टोपी काढिली. सावित्रीबाईंच्या तोंडून नकळत निघाले, "घालूया, आक्का."

काशीराम इतकेच म्हणाले, "वेदू, तो इस्क्रू आता हलवू नको."

त्यानंतर टेप खेळावर आली आणि डब्याने पट्टे दाखविले. पंखा बंद, फ्रीज बंद, खोकणे बंद. धाकूस शिंक आली ती त्याने टोपीत दाबली. टेप चालली आहे, घाम टपकतो आहे, सर्वांचे प्राण डोळ्यांत, आणि मग पडदा काळा होऊन, हळूच हिरवे कलम उभे राहिले आणि वानरे आली! जयघोष ऐसा उठला की सखूने कुंपणावरून विचारले, "लावू का आता?"

प्रथम काशीराम रणांगणी उतरले आणि दुसऱ्या टोळीपुढे, परंपरेस अनुसरून, मोडले. वेदिकेचे आंबे तिसरीने नेले. मग सावित्रीबाई हात पुसून आल्या, चष्मा लाविला, आणि रबरी कळांवर बोटे ठेविली. मग काय वर्णावे! बाईंची बोटे वाटाणे सोलावे तैसी चालत होती; टोळीमागून टोळी परतली; उरली शेवटची. शेवटचे वानर फांदीवर. बाईंनी नेम धरिला.

आणि वीज गेली.

पडद्याचा ठिपका होऊन विझला. डबा सर्व विसरला. कोणी म्हणतात सखूचा मिक्सर, परंतु पुढे कळले की सगळ्या पेठेतच गेली होती. सबब सखू निर्दोष, हे येथे नमूद करितो. वीज येता येता संध्याकाळ जाहली. काशीरामांनी घाईने टेप पुन्हा लाविली, आणि जुन्या टेपरेकॉर्डराने ती गिळिली. बाहेर काढिली ती शेवयांसारखी. चुरगळलेली, मध्येच तुटलेली. वीज फिरून गेली. काशीराम त्या शेवया ओंजळीत घेऊन बसले.

तेव्हा वेदिका हळूच म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर सांगते. मघाशी टेप चालू होती ना, तेव्हा वायरीला दुसरा फाटा लावला होता. लॅपटॉपनं सगळं ऐकून ठेवलंय. खेळ, आणि आत्याचं बोलणंपण."

"मला न विचारता?"

"मी सांगितलं तिला," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही त्यालाही तेल लावलं असतं."

काशीरामांनी ओंजळीतल्या शेवया हळूच पाटावर ठेविल्या. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट करून पुसले, "ह्याला वीज नको?"

"बॅटरी आहे. दोन तास चालेल."

"मग चालव तुझा तोतया."

सांजेच्या मंद उजेडात, देवापुढील समईशेजारी, तो तोतया सावित्रीबाईंच्या मांडीवर बसला. बाईंनी कळा चाचपल्या आणि तक्रार केली की कळा कशा मुक्या, आणि कलमाचा रंग कच्च्या पेरूसारखा, परंतु पहिले वानर उडी मारून आले तेव्हा म्हणाल्या, "वानर मात्र आक्कांचंच. बघा, डावीकडून येताना ठेचकाळतं." पुन्हा टोळीमागून टोळी. पुन्हा शेवटचे वानर. गलोल सुटली, वानर पडले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली. इंग्रजी लिपीत, डब्यास मराठी लिपी येत नव्हती म्हणून, परंतु बोल अस्सल घरचे:

पुरे वहिनी. भात लाव.

काशीराम आधी हसले, मग हसता हसता त्यांस डोळे पुसावे लागले. "म्हणजे तिला ठाऊकच होतं, जिंकणार ती तूच."

"तर! तुम्ही दुसऱ्या टोळीत पडत होता," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून खरेच भात लावावयास उठल्या.

त्याच वेळी उभय पक्षांत तह जाहला तो येणेप्रमाणे: काळा डबा हा आक्कांचा देह समजून त्याची दरसाल दसऱ्यास पूजा व्हावी, त्यास खोबरेल लावू नये, तोतया हा शब्द आजपासून मागे घेण्यात येत आहे, कारण जो दुसऱ्याचे सोंग करून त्याची गादी बळकावितो तो तोतया, आणि जो स्वतःचा देह देऊन, गेलेल्याचा शब्द बोलवितो त्यास कीर्तनात परकायाप्रवेश म्हणतात, टीव्ही धाकूच्या कोंबडीस परत जावा. काशीरामांनी संमती दिली. वानरांचा पाडाव जाहला, फत्ते सावित्रीबाईंची. शुभं भवतु.

श्रोतेजन हो, आता उठा, उशीर होईल. पण घरी जाऊन तांदूळ धुवाल आणि भाताचा टोप चढवाल, तेव्हा क्षणभर थांबून हौसाआक्कांची आठवण काढा. त्यांनी टेप इंचभर वाया घालविली नाही, म्हणून आज हे सांगता आले.